टॅव्होर, झितारा आणि ग्वाल्हेरची एक्स-९५: बुलपप बंदूक ‘देशी’ नेमकी कधी होते?

मुंबईहून नाशिककडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते. थोड्या वेळाने मागून एक हलका धक्का बसतो. नेहमीचे प्रवासी मान वर न करताच सांगतात, बँकर लागले. पुढे थळ घाटाचा चढ आहे, ३७ फुटांना १ फूट. पुढचं इंजिन एकटं पुरत नाही म्हणून मागे जास्तीची इंजिनं लावायची, आणि इगतपुरी आलं की ती सोडायची.

ज्या बंदुकीबद्दल इथे बोलायचं आहे तिचं इंजिनही असंच मागे असतं. फरक इतकाच की ते कायमचं मागे असतं.

मार्कोस कमांडोंचे किंवा सीआरपीएफच्या जवानांचे फोटो व्हायरल होतात, तेव्हा त्यांच्या हातात एक आखूड, काहीशी बेढब काळी बंदूक दिसते. मॅगझिन हाताच्या पुढे नाही, मागे काखेजवळ. याच फोटोवर एक जण लिहितो ‘इस्रायलची टॅव्होर’, दुसरा लिहितो ‘शंभर टक्के मेड इन इंडिया’, आणि खाली कमेंटमध्ये भांडण जुंपतं. गंमत म्हणजे या एका रूपामागे तीन वेगळ्या बंदुकांच्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोघांकडेही थोडं थोडं सत्य असू शकतं.

आधी हे बुलपप प्रकरण काय आहे?

साध्या रायफलमध्ये चापाच्या पुढे मॅगझिन आणि काडतूस फुटण्याची जागा, म्हणजे चेंबर असतं. मागे उरतो तो दस्ता. तो खांद्याला टेकवायचा, बाकी त्याचं काम नाही. बुलपपमध्ये चेंबर, बोल्ट, मॅगझिन सगळं चापाच्या मागे, त्या दस्त्यातच बसवलेलं असतं. रिकामी जागा कामाला लागते.

आकडे बघितले की मुद्दा लगेच कळतो. आपली इन्सास रायफल सुमारे ९६ सेंटिमीटर लांब, तिची नळी सुमारे ४६ सेंटिमीटर. टॅव्होर टीएआर-२१ ची नळीही ४६ सेंटिमीटरच, पण अख्खी बंदूक फक्त ७२ सेंटिमीटर. नळी तेवढीच म्हणजे गोळीचा वेगही साधारण तेवढाच, आणि जवळपास वीतभर लांबी कमी. हेलिकॉप्टरमधून उतरताना, बोटीच्या अरुंद दारातून किंवा हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये वळताना ही वीतभर लांबी फार महत्त्वाची ठरते.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. मॅगझिन बदलायला हात काखेपर्यंत न्यावा लागतो. डावखुऱ्या जवानाच्या तोंडासमोरूनच रिकामी काडतुसं उडतात. टॅव्होरमध्ये बोल्ट बदलून बाजू पालटता येते, पण ते काम चकमकीच्या मधोमध करण्यासारखं नाही. फ्रान्सने आपली फामास ही बुलपप सोडून साध्या रचनेची जर्मन रायफल घेतली, चीननेही नव्या रायफलसाठी बुलपपची वाट सोडली. त्यामुळे बुलपप म्हणजे पुढची पायरी, असा समज असेल तर तो बाजूला ठेवलेला बरा.

इस्रायलहून आलेली

कारगिल युद्धात इन्सासबद्दल बऱ्याच तक्रारी आल्या होत्या, थंडीत मॅगझिनला तडे जाण्यापासून बंदूक अडकण्यापर्यंत. त्यानंतर काही वर्षांतच विशेष दलांसाठी टॅव्होर मागवण्यात आली. सुरुवातीच्या बंदुका इथे समाधानकारक ठरल्या नाहीत, दुरुस्त्या करून पुढचा माल आला. पुढे मार्कोसलाही ती मिळाली. तिचीच आखूड बहीण म्हणजे एक्स-९५. हिची लांबी ६० सेंटिमीटरच्याही आत, नळी ३३ सेंटिमीटर. सीआरपीएफकडे दिसते ती बहुतेक वेळा हीच.

या बंदुकांमध्ये ५.५६ × ४५ मिलिमीटरचं काडतूस चालतं. इन्सासचं मापही तेच. ही गोळी महाराष्ट्रातच, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बनते. म्हणजे बंदूक परदेशी असली तरी तिचं पोट इथल्या मालावर भरू शकतं.

झितारा: दिसायला तीच, गोळी वेगळी

खरी गुंतागुंत इथे आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाने आखूड टॅव्होरची भारतीय आवृत्ती तयार केली, तिचं नाव झितारा. बाहेरून पाहिली तर सारखीच. पण ती ५.५६ × ३० मिलिमीटरच्या भारतीय काडतुसासाठी बदललेली होती.

दोन्हीकडे ५.५६ आहेच की, मग फरक काय? ५.५६ हा गोळीचा व्यास. ४५ आणि ३० ही काडतुसाच्या पितळी नळीची लांबी, जिच्यात दारू भरलेली असते. नळी आखूड म्हणजे दारू कमी, म्हणून वेग कमी आणि पल्लाही कमी. बदल्यात धक्का कमी बसतो आणि हत्यार हलकं ठेवता येतं. टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल आणि भिंतीवरच्या घड्याळातला जाड सेल, दोन्ही दीड व्होल्टचेच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. इथेही तसंच.

हे छोटं काडतूस मुळात कार्बाइनसाठी, म्हणजे जवळच्या लढाईसाठी होतं. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने त्याच मापाची जेव्हीपीसी कार्बाइन बनवली. २०२० मध्ये तिच्या लष्करी चाचण्या पूर्ण झाल्या तेव्हा सरकारने माहिती दिली होती की कार्बाइन कानपूरला बनते, गोळ्या पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, आणि प्रभावी पल्ला १०० मीटरहून जास्त आहे. ४५ मिलिमीटरवाली टॅव्होर याच्या कितीतरी पुढे मारा करते.

आता एका तुकडीची कल्पना करा. पाच जणांकडे इन्सास, एकाकडे आयात टॅव्होर, एकाकडे झितारा. गोळ्या संपत आल्या की टॅव्होरवाला शेजाऱ्याच्या इन्सासमधली काडतुसं मागून घेऊ शकतो. झितारावाला नाही. जी बंदूक जास्त ‘देशी’, तिलाच गोळी मिळणं जास्त अवघड, असा हा उलटा प्रकार. झिताराचं नाव आज फारसं ऐकू येत नाही.

ग्वाल्हेरजवळचा कारखाना

तिसरी गोष्ट थोडक्यात. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ मालनपूरला २०१७ मध्ये पुंज लॉईड आणि इस्रायलच्या आयडब्ल्यूआय यांचा संयुक्त कारखाना सुरू झाला. भारतीय कंपनीचा वाटा ५१ टक्के, इस्रायली कंपनीचा ४९. २०२० मध्ये भारतीय वाटा अदानी समूहाने घेतला. कंपनीचं नाव पीएलआर सिस्टिम्स. इथल्या यादीत टॅव्होर, एक्स-९५, गॅलिल, नेगेव्ह ही सगळी इस्रायली नावं आहेत. आराखडा तिकडचा, उत्पादन इकडे, आणि गोळी बदललेली नाही. जवानाच्या दृष्टीने ही बंदूक आयात बंदुकीसारखीच, फक्त सुट्या भागांसाठी तेल अवीवकडे डोळे लावावे लागत नाहीत.

इगतपुरीहून पुढे गाडी देवळालीला पोचते, तिथे तोफांच्या बाबतीत हेच घडलं होतं. ९ नोव्हेंबर २०१८ ला एम-७७७ आणि के-९ वज्र या दोन तोफा तिथे लष्करात दाखल झाल्या. पहिली अमेरिकन. दुसरी मूळ कोरियाची, पण एल अँड टीने भारतात बांधलेली. फोटोत दोन्ही शेजारी उभ्या होत्या.

बंदुकांमधला ताजा सामना मात्र बुलपपचा नाही. २०२५ मध्ये लष्कराच्या सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनच्या निविदेत पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वात कमी निघाली, त्यामागोमाग ग्वाल्हेरची पीएलआर. भारत फोर्जच्या कार्बाइनचा आराखडा पाषाणच्या एआरडीईचा आहे, मॅगझिन चापाच्या पुढे आहे, आणि काडतूस ४५ मिलिमीटरचं.