कात्री लावण्याआधी

आपल्या मंडळांच्या वेबसाइटवर लेखांपेक्षा फोटोच जास्त पाहिले जातात, हे कुणी मान्य करो वा न करो. गणपती झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून विचारणा सुरू होते, "फोटो टाकले का हो?" त्यात वावगं काही नाही. इथे वाढलेल्या मुलांना आपण कुठल्या बालनाट्यात सिंह झालो होतो हे त्या फोटोंवरूनच कळणार. आणि जी कुटुंबं नोकरी संपवून पुण्या-नाशिकला परत गेली, त्यांच्या इथल्या वीस-पंचवीस वर्षांची मंडळाकडे उरलेली खूण म्हणजे हे फोटोच.

फोटो चढवणं आता कुणालाही जमतं. चढवलेला फोटो नंतर सुधारायचा म्हटलं, की खरी पंचाईत सुरू होते. कडेचा खांब कापायचा आहे, आडवा आलेला फोटो उभा करायचा आहे, खाली नाव चुकलं आहे, कुणी तरी "आमच्या मुलीचा फोटो काढून टाका" म्हणतंय. ही कामं करणारे आपल्यातलेच कुणी तरी असतात, दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला बसणारे. आणि पुढच्या वर्षी समिती बदलली की काम नव्या हातात जातं. अशा हातांना पेलेल अशी सोय त्या यंत्रणेत हवी. ती अजून पुरेशी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बहुतेक मंडळांच्या वेबसाइट वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालतात. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही मजकूर लिहिता, बदलता, मांडता यावा, यासाठी ती केलेली असते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये निघाली, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर आहेत. तिच्यात 'मीडिया लायब्ररी' नावाचं एक कपाट असतं. फोटो, ध्वनिफिती, पीडीएफ, सगळं त्यात जातं. सुरुवातीला त्या कपाटात वस्तू ठेवता यायची, दुरुस्त करता यायची नाही. कडा कापायची तर फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्या, कापा, परत चढवा. डिसेंबर २००९ च्या २.९ आवृत्तीत कापणं, फिरवणं आणि आकार लहान करणं जागच्या जागी जमू लागलं. डिसेंबर २०१२ मध्ये हे सगळं दालन नव्याने बांधलं गेलं. नोव्हेंबर २०१९ पासून मोबाइलवर उभा काढलेला फोटो आपणहून सरळ होऊ लागला. ऑगस्ट २०२० पासून लेख लिहिता लिहिताच, त्या लेखातच फोटो कापता येतो.

सोय वाढली, पण गोंधळही वाढला. लायब्ररीत जाऊन फोटो कापला तर लायब्ररीतली ती नोंदच बदलते. लेखात बसून कापला, तर नवी प्रत वेगळी नोंद होऊन कपाटात जाते आणि जुनी तशीच राहते. कात्रीचं चित्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. वापरणाऱ्याला हा फरक कुठेही धड सांगितलेला नाही. त्यातून २०२३ पर्यंत लायब्ररीतल्या पडद्यावर एक प्रश्न यायचा, की हा बदल सगळ्या आकारांना लावू, फक्त छोट्या प्रतीला लावू, की छोटी सोडून बाकी सगळ्यांना? एका फोटोच्या लहान-मोठ्या अनेक प्रती आपोआप होतात हे ज्याला माहीत नाही, त्याने याचं उत्तर काय द्यायचं? मूळ फोटो परत आणायचं बटणही आहे, पण संपादनाच्या पडद्यात आत शिरल्याशिवाय ते दिसत नाही. आपल्याकडे महत्त्वाची कागदपत्रं इतकी जपून ठेवतात की ऐन वेळी सापडत नाहीत, त्यातलाच प्रकार.

मूळ परत मिळणं इतकं महत्त्वाचं का, हे आपल्या जुन्या फोटोंकडे पाहिलं की पटतं. समजा, दुबईतल्या सहलीचा एक जुना फोटो आहे. मध्ये दहाबारा मंडळी, मागे भलीमोठी मोकळी जागा आणि एका कोपऱ्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरची इमारत. वेबसाइटवर टाकताना कुणीही म्हणेल, "ही रिकामी वाळू कशाला? चेहरे मोठे दिसू देत." आणि कापेल. पण सहल कधीची, हे सांगणारी एकमेव गोष्ट ती वाळूच असते. ट्रेड सेंटर १९७९ चं. बुर्ज अल अरब उघडलं डिसेंबर १९९९ मध्ये, एमिरेट्स टॉवर्स २००० मध्ये, मेट्रो धावली सप्टेंबर २००९ मध्ये, बुर्ज खलिफाचं उद्घाटन जानेवारी २०१० मध्ये. शेख झायेद रोडच्या फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरून साल दोन-चार वर्षांच्या अंतराने पकडता येतं. इतक्या भराभर बदललेल्या शहरात राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा! मागचं कापलं की तो गेला. कडेला अर्धवट दिसणारी, ताट घेऊन उभी असलेली बाई कापली गेली, तर कदाचित त्या वर्षी तीसजणांचा स्वयंपाक केलेल्या काकूच मंडळाच्या इतिहासातून गेल्या.

अबू धाबीच्या न्यूयॉर्क विद्यापीठात 'अक्कासा' हे छायाचित्र-केंद्र उभं राहिलं, ते अशाच गोष्टींसाठी. अरब जगातली जुनी छायाचित्रं, त्यांत साधे घरगुती अल्बमसुद्धा, जमा करून तिथे त्यांची नोंद होऊ लागली. आपल्या घरचा अल्बम हाही या देशाच्या इतिहासाचा कागद आहे, असं आपल्यापैकी फार थोड्यांच्या डोक्यात येत असेल.

आता फोटोखालच्या ओळीचं बघू. "डावीकडून तिसऱ्या कुलकर्णी नाहीत, कुळकर्णी आहेत," असा निरोप येतो. आपण लायब्ररीत जातो, नाव सुधारतो आणि समाधानाने झोपतो. लेखात मात्र जुनंच नाव झळकत राहतं! कारण वर्डप्रेसमध्ये फोटो लेखात घातला, की त्या क्षणी खालच्या ओळीची एक नक्कल लेखात जाते आणि मग लायब्ररीतल्या ओळीशी तिचा संबंध संपतो. तोच फोटो वार्षिक अहवालात, स्मरणिकेच्या पानावर आणि श्रद्धांजलीच्या लेखात वापरला असेल, तर तिन्ही जागा हाताने शोधून सुधाराव्या लागतात. दृष्टिहीन वाचकांसाठी फोटोचं जे वर्णन लिहितो, त्याचंही तसंच. याला कारण आहे. एकच फोटो दोन लेखांत दोन संदर्भांनी येऊ शकतो, तेव्हा ओळ वेगळी ठेवता आली पाहिजे. ते ठीक. पण "हा फोटो अमुक तीन ठिकाणी आहे, तिथेही बदलू का?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

हे अशक्य नाही, याचा दाखला विकिपीडियाच्या चित्रभांडारात, म्हणजे विकिमीडिया कॉमन्समध्ये मिळतो. २००४ साली सुरू झालेल्या या भांडारात प्रत्येक चित्राच्या पानावर ते कुठकुठल्या लेखांत वापरलं आहे याची यादी असते. चित्र बदललं तर जुनी प्रत खाली तारखेसकट राहते आणि कुणी बदललं तेही दिसतं. जानेवारी २०१९ पासून एकाच चित्राला अनेक भाषांत छोटी ओळ देता येते, मराठीतही. तिथला पडदा काही देखणा नाही, नवखा माणूस बावरतोच. पण चूक झाली तर ती मागे घेता येते, हा भरवसा आहे. मंडळासाठी वेबसाइट करून देणाऱ्याकडे रंग आणि हलती चित्रं मागण्याआधी आपण एवढ्याच गोष्टी मागाव्यात: मूळ प्रत सुरक्षित आणि समोर दिसणारी, फोटो कुठे कुठे वापरलाय त्याची यादी, बदल करणाऱ्याचं नाव, आणि सूचना मराठीत.

काढून टाकण्याचा विषय अधिक नाजूक आहे. इथल्या २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्यानुसार, कुणाचा फोटो संमतीशिवाय काढून किंवा प्रसिद्ध करून त्याच्या खाजगीपणाचा भंग केला, तर तो गुन्हा ठरू शकतो. तेव्हा एखाद्या आईने मुलीचा फोटो काढा म्हटलं, तर तो खरोखर निघाला पाहिजे. लेखातून फोटो पुसला की काम झालं असं वाटतं, पण फाइल कपाटात तशीच असते आणि तिचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती उघडता येते. उलट लायब्ररीतून ती काढायला गेलं तर दुसरी अडचण. वर्डप्रेसमध्ये काढून टाकलेला लेख तीस दिवस कचरापेटीत थांबतो. फोटोला, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, कचरापेटीच नाही, गेला तो कायमचा. म्हणून मंडळाने मूळ फोटोंचा एक संच वेबसाइटच्या बाहेर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायलाच हवा, आणि संमती दिली-नाकारली याची नोंद त्याच्याजवळ.

हा संच करताना काही बारीकसारीक गोष्टी सांगून ठेवतो. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली प्रत मूळ समजू नये. तिचा दर्जा उतरलेला असतो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख-वेळही निघून गेलेली असते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात वेळ तिकडचीच असते, म्हणजे दीड तास पुढे. आरतीचे फोटो महाप्रसादानंतर का लागतात, याचं रहस्य बहुधा हेच. तारखेवरून सण ओळखायलाही जाऊ नये. आपला पाडवा किंवा कोजागिरी सुट्टी आणि हॉल यांच्या सोयीने होते, आणि इथली साप्ताहिक सुट्टीही २००६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बदलली आहे. जुन्या स्मरणिकांतल्या फोटोखालच्या ओळी नव्वदच्या दशकातल्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतील, तर नुसत्या कॉपी करून चालत नाही, अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, किंवा सरळ पुन्हा टाइप कराव्यात.

आणि कागदी फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करावी. स्टुडिओचा शिक्का, पेनाने लिहिलेलं साल, "बाबांना पाठवायची प्रत" असं काही, हे सगळं तिथेच असतं.