खंड १६८ : जुन्या फौजदारी निकालांचे पुनर्मुद्रण

इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाला १९०७ च्या कायद्यापर्यंत खऱ्या अर्थाने अपील नव्हते. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशालाच कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर शंका आली, तर तो मुद्दा राखून ठेवी आणि लंडनमध्ये बारा न्यायाधीशांच्या बैठकीपुढे मांडी. बैठक बंद दाराआड होई आणि निर्णयामागची कारणे अनेकदा बाहेरही येत नसत. १८४८ मध्ये या कामासाठी रीतसर न्यायालय स्थापन झाले. तोवरचे फौजदारी कायद्याचे ज्ञान टिकले ते खासगी संग्राहकांच्या वह्यांमुळे. थॉमस लीच या बॅरिस्टरचा संग्रह १७८९ मध्ये आला. पुढे रसेल आणि रायन, मग मूडी. १९०० ते १९३२ या काळात ‘इंग्लिश रिपोर्ट्‌स’ या नावाने १८६५ पूर्वीचे असे संग्रह १७८ खंडांत पुन्हा छापले गेले. त्यातले १६८ आणि १६९ हे खंड फौजदारी निकालांचे. मूळ पुस्तकाचा पानक्रमांक मजकुरातच चौकटी कंसात दिलेला असल्याने दोनशे वर्षांपूर्वीचा संदर्भही नेमक्या ओळीपाशी सापडतो.

या पुनर्मुद्रणाने कायद्याची स्मृती वाचवली, हे निर्विवाद. पण त्याने एक भ्रमही निर्माण केला. एस्पिनास या संग्राहकावर न्यायाधीशांचा विश्वास नसे, ही गोष्ट वकिलांच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक होती. पुनर्मुद्रणात मात्र त्याचे पान आणि काटेकोर संग्राहकाचे पान एकाच टाइपात, एकाच मापात समोर येते आणि दोघांचे वजन सारखे वाटू लागते. शिवाय संग्रहात फक्त शंकास्पद मुद्दे आले. ज्या चोराच्या खटल्यात कोणाला शंकाच आली नाही आणि जो फासावर गेला, त्याला या खंडात जागा नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, हे खंड पुराव्यासारखे तपासून वाचावेत, नुसते आधार म्हणून उद्धृत करू नयेत.

लीचच्या संग्रहातला १७८३ चा वॉरिकशॉल खटला घ्या. जेन वॉरिकशॉल हिच्यावर चोरीचा माल घेतल्याचा आरोप होता. सवलतीचे आमिष दाखवून तिचा कबुलीजबाब घेतला गेला आणि त्यावरून माल तिच्या बिछान्यात सापडला. न्यायालयाने कबुलीजबाब बाद केला, कारण आशेने किंवा धाकाने वदवलेल्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही; पण सापडलेला माल खरा, तो पुराव्यात घेतला. आपल्याकडच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम २७ याच विचाराच्या वाटेवरचे. मात्र ते एक पाऊल पुढे गेले : पोलिसांच्या ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीचा, मिळालेल्या वस्तूशी थेट संबंध असलेला भागही त्याने ग्राह्य धरला. आज ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांत निवेदन पंचनामा, जप्ती पंचनामा आणि फितूर पंच यांवरून रोज जो वाद होतो, त्याची मुळे शोधणाऱ्याला लीचपर्यंत जावेच लागते. आपण लंडनच्या नियमापासून किती लांब आलो, हेही तिथेच कळते.

यावर वकील म्हणतील, आम्हाला तत्त्व हवे, गोष्ट नको. पण तत्त्वाची मर्यादा घटनेवरूनच ठरते. वुडकॉक खटल्यात (१७८९) आरोपीच्या मरणासन्न पत्नीचे निवेदन ग्राह्य ठरले, ते मृत्यू जवळ आल्याची जाणीव शपथेइतकीच बंधनकारक ठरते या विचाराने. भारतीय कायद्याला मृत्युपूर्व जबाबासाठी ती जाणीव आवश्यक वाटत नाही. हा फरक सूत्र पाठ करून उमगत नाही. दुसरा आक्षेप इतिहासकारांचा : खरी हकीकत लंडनच्या ‘ओल्ड बेली’ न्यायालयाच्या छापील कामकाजात आहे, मग संग्रह कशाला? तेही कामकाज विक्रीसाठी छापले जाई. साक्षींना त्यात भरपूर जागा, वकिलांच्या कायदेशीर युक्तिवादाला मात्र बहुधा कात्री. लीचने जपले ते नेमके हेच. दोघांनी गाळलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवेत.

आता दोन्ही संगणकावर विनामूल्य मिळतात. कायद्याच्या महाविद्यालयांनी पुरावा कायदा शिकवताना वॉरिकशॉलचा निकाल मुळातून वाचायला लावावा. तो जेमतेम दोन पानांचा आहे.