पेट्रोल आणि हवा यांचा मेळ

पावसाळ्यात कोलकात्याच्या सखल रस्त्यांवर पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठिकठिकाणी मोटारसायकलची किक मारून घामाघूम झालेली माणसे दिसतात. इंजिन एकदा खोकते आणि पुन्हा स्तब्ध होते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. वस्तुतः तो सर्वांत शेवटी जावयास हवा.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतांशी नाहीसा झाला. तरीही त्यापूर्वीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर अनेकांचा चरितार्थ चालतो. पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग यांच्या चौकाजवळचा मल्लिक बाजार हा तर जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठीच प्रसिद्ध आहे.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे हेच कार्ब्युरेटरचे कार्य होय. इंजिनाने ओढलेली हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि खालच्या वाटीतले पेट्रोल पितळी जेटमधून वर चढून तुषाररूपाने तिच्यात मिसळते. वाटीतली पातळी फ्लोट राखतो. घरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा करतो तेच काम. पेट्रोल अधिक झाले की धूर काळा होतो, विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि मालकाचा पैसा धुराड्यातून जातो. ते कमी पडले की इंजिन तापते व अडखळते.

परंतु हीच लक्षणे इतर कारणांनीही दिसतात, आणि घोटाळा येथेच होतो. हवेची गाळणी धुळीने कोंदली असेल तर मिश्रण आपोआप गाढे होते. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधल्या रबरी जोडाला चीर गेली असेल तर तेथून चोरटी हवा शिरते व मिश्रण विरळ होते. म्हणून प्रथम गाळणी व जोड पाहावेत. मग स्पार्क प्लग काढावा: टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी. प्लगमधील फट, झडपांची फट आणि इंजिनातले तेल ही गाडीच्या पुस्तिकेनुसार तपासावीत.

नंतर वाटी. आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की त्याच्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. कोलकात्याच्या दमट हवेत दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी म्हणूनच खालचा स्क्रू सोडून रिकामी करावी. जेट तुंबला असल्यास हवेच्या झोताने साफ करावा. तारेने कोरण्याची सवय वाईट. छिद्र केसभर मोठे झाले तरी गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊ लागते.

एवढे झाल्यावर स्क्रू. गाडी थोडी चालवून इंजिन तापवावे आणि ती उघड्या जागीच उभी करावी. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने, टेकेपर्यंतच, आत न्यावा आणि दीड फेरा बाहेर घ्यावा. मग पाव-पाव फेरा फिरवीत इंजिनाची गती सर्वाधिक होते ती जागा शोधावी. शेवटी दुसऱ्या स्क्रूने ती पुस्तिकेतील आकड्यावर उतरवावी. शंभर सीसीच्या अनेक इंजिनांत तो मिनिटाला सुमारे १,४०० फेरे असतो. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. स्क्रू गाळणीच्या बाजूस असेल तर तो हवा आवरतो व आत नेल्यास मिश्रण गाढे होते. इंजिनाच्या बाजूस असेल तर तो पेट्रोल आवरतो आणि परिणाम उलट होतो.

हा मेळ स्थळाशीही बांधलेला असतो. कोलकाता जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर दार्जिलिंग सुमारे २,००० मीटरवर; तेथे हवेचा दाब सुमारे पंचमांशाने कमी. म्हणून खाली नीट चालणारी गाडी वर चढताना धूर सोडू लागते. पुण्याहून कोलकात्यास नेलेल्या गाडीस उलट, दाट हवेमुळे, मिश्रण किंचित विरळ पडावे. पण बंगालच्या पावसाळी हवेतली वाफ प्राणवायूची थोडी जागा अडविते आणि तो फरक काहीसा भरून निघतो.

टू-स्ट्रोक इंजिनापुढे मात्र स्क्रूचे फारसे चालत नाही. त्यात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. हा दोष रचनेचा आहे, जुळणीचा नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ साली शहरातील टू-स्ट्रोक रिक्षांच्या बाबतीत आदेश दिला, आणि त्यांच्या जागी एलपीजीवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक रिक्षा आल्या.