खोटा खटला आणि रिकामी खुर्ची

औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) गुलमंडीतून शहागंज चालत जाण्याइतकं जवळ आहे. मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजारच्या पट्ट्यात दंगलीत दुकानं जळाली. जुन्या माणसांना १९७८चा जुलैही आठवतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अशा वेळी ‘ते बाहेरचे होते’ म्हणून आपण मोकळे होतो. पण १९७८मध्ये हात उगारणारे कितीतरी जण त्याच गावातले, रोज रामराम घालणारे होते. त्यांच्या जागी मी असतो तर? हा प्रश्न नुसता विचारून उत्तर मिळत नाही, तो अंगावर घ्यावा लागतो. नाट्योपचार, म्हणजे भूमिका करता करता मनावर होणारा उपचार, हेच काम करतो.

मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी व्हिएन्नात सुरुवात करून पुढे अमेरिकेत सायकोड्रामा रुजवला. त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे भूमिकाबदल. समजा, मुलाला मारणारा बाप आहे. समोर रिकामी खुर्ची. तिथे मुलगा आहे असं धरून तो बोलतो, ओरडतो. मग त्याला त्या खुर्चीत बसवतात आणि गटातला दुसरा कुणीतरी त्याचीच वाक्यं, त्याच पट्टीत त्याला ऐकवतो. बाप अंग चोरून बसतो. उपचारक फक्त विचारतो, ‘आता हात कुठे आहेत तुझे?’ ब्रिटनमधली गीज थिएटर कंपनी कैद्यांसोबत मुखवटे वापरते. पात्र बढाया मारायला लागलं की प्रेक्षक मुखवटा वर करायला सांगतात, आणि आतला विचार बोलावा लागतो.

आपल्याकडे हा खेळ विजय तेंडुलकरांनी रंगमंचावर मांडला, पण त्यात सांभाळणारा कुणी नाही. त्यांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये केलं; दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, नायिका बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. प्रयोगाआधीचा वेळ घालवायला नाटकमंडळी बेणारेबाईंवर खोटा खटला भरतात, आरोप भ्रूणहत्येचा. खटल्यातले न्यायाधीश काशीकर, वकील सुखात्मे यांच्या पोटातला आकस समजू शकतो. मला अस्वस्थ करतो तो सामंत. गावातला भिडस्त, भला माणूस. साक्ष द्यायला उभा करतात तर हातातल्या कादंबरीच्या आधाराने तो काहीबाही रचतो, आणि ते नेमकं बाईंच्या खऱ्या आयुष्यावर जाऊन आदळतं. मनात काडीचं वाईट नसताना त्याच्या हातून घाव बसतो.

नाट्योपचारात थांबण्याचा हक्क प्रत्येकाला आधीच दिलेला असतो. खरा आघात लगेच उभा करत नाहीत. आधी परकी गोष्ट, परकं पात्र. शेवटी भूमिका उतरवतात: ओढणी-काठी परत ठेवायची, आपलं नाव मोठ्याने घ्यायचं, घरी जाऊन काय जेवणार ते सांगायचं. ही पायरी गाळली तर राग अंगातच घरी जातो. आणि खुर्चीत बसल्याने मारलेली थप्पड माफ होत नाही. जिला मार बसला, तिला मारणाऱ्याच्या सुधारणेसाठी राबवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मनोविकारशास्त्र आणि रंगभूमी एका माणसात नांदू शकतात, हे डॉ. मोहन आगाशे यांनी दाखवलं. तेंडुलकरांच्याच १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस त्यांचाच. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. दोघांनी मिळून गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात रविवारी सतरंजी अंथरावी. सुरुवात ‘शांतता!’च्या खटल्याच्या वाचनाने करावी, आणि सामंतचं काम आळीपाळीने सगळ्यांना द्यावं.