डौला म्हणजे कोण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत अलीकडे ‘डौला’ हा शब्द बराच कानावर येतो. नोकरीसाठी दिल्लीकडे आलेल्या मराठी घरांतही येतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण आई साताऱ्यात आणि इथून हलणं शक्य नाही. मग कोणीतरी डौला सुचवतं, आणि सासूबाई विचारतात, “दवाखान्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आणखी ही कशाला?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवं.

“डौला म्हणजे शहरातली सुईण.”
सुईण बाळंतपण करते, डौला करत नाही. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, नाळेला हात लावत नाही. तिचं काम सोबतीचं. कळ आली की कंबरेवर तळहाताने दाब द्यायचा, श्वास सावकाश सोडायला लावायचा, मध्ये घोटभर पाणी द्यायचं, कुशीवर वळायला किंवा चार पावलं चालायला आधार द्यायचा. डॉक्टर घाईत काही सांगून गेले तर ते बाईला समजेल असं पुन्हा सांगायचं. रात्रपाळीच्या नर्सला कितीही वाटलं तरी एकीपाशीच बसून राहता येत नाही. डौलाला येतं.

“नुसतं जवळ बसून काय होतं?”
ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात केलेला अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सोबतिणी अनोळखी होत्या, कसलंही प्रशिक्षण नसलेल्या. तरीही सोबत मिळालेल्या बायकांच्या कळांचा काळ कमी झाला. पुढे 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 अभ्यास आणि पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. अखंड सोबत असली की नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, सिझेरियन कमी होतात, असं त्यात दिसलं. सोबतीमुळे अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

“डौला असली की ती सिझेरियन करू देत नाही.”
तो निर्णय डॉक्टर आणि बाळंतिणीचा. त्यात ढवळाढवळ करणारी डौला आपलं काम विसरली, असंच म्हणावं लागेल. आपल्याकडे डौलांची सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे ती कुठे आणि काय शिकली हे आधीच विचारून घ्या.

“हे पैसेवाल्यांचं खूळ आहे.”
सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. पगारी डौला महाग असते हे खरं. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली नातेवाईक असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि कर्मचाऱ्यांच्या कामात तिने पडू नये, अशा अटी. आडोशाची सोय असेल तिथे नवराही थांबू शकतो. सरकारी लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीला जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या प्रसूती-नोंद तक्त्यात तर ‘सोबत कोणी आहे का’ यासाठी वेगळा रकानाच आहे.

हक्क कागदावर असणं आणि हातात पडणं यांतलं अंतर दिल्लीने पाहिलं आहे. गरीब गर्भवतींना योजनांचा लाभ नाकारल्याच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2010 मध्ये मातेचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पुढच्याच वर्षी, 1 जून 2011 रोजी, मोफत प्रसूतीचा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला तो राजधानी क्षेत्रातल्याच मेवातमधून. तरी आजही त्याच मेवातच्या, म्हणजे आताच्या नूहच्या, गावातली किंवा बांधकामावरची बाई लेबर रूममध्ये एकटी जाते, कारण सोबत मागता येते हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. डौलांचे अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत आणि फी भरून. पण सोबतीसाठी जावेला किंवा नणंदेला शिकवायचं ते वर सांगितलं तेवढंच आहे. हिंदी-मेवातीतल्या चित्रांच्या पानांवर ते मावेल, आणि आशाताई ते घरोघर समजावू शकतील. यावर सरकारने खर्च करावा.

घरात किंवा कामाला येणाऱ्या ताईंकडे कोणी गरोदर असेल, तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात होणाऱ्या मोफत तपासणीला तिच्याबरोबर जा आणि तिथेच विचारून घ्या: कळांच्या वेळी हिच्याजवळ कोणाला थांबता येईल?