फुगा, पहाट आणि एक धपाटा

उष्ण हवा वर जाते, हे वाक्य शाळेत आपण सर्वांनीच पाठ केले. मीही केले, आणि त्याच्याच जोरावर एकदा धाकट्या भावाला मारले.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या पहाटे आम्ही पतंगाच्या कागदाचा मोठा फुगा सोडला होता. तोंडाशी तारेचे कडे, त्यात रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा. बघता बघता तो कौलांवरून दिसेनासा झाला. पुढे वैशाखात मामाकडे तसाच फुगा भर दुपारी सोडायला घेतला. हवा आधीच तापलेली, तेव्हा हा अधिकच जोरात जाणार, असे माझे गणित! फुगा फुगला, डोलला आणि अंगणातच बसला. खळ भावाने केली होती. ती जाड झाली म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

खरी गोष्ट मला फार उशिरा, भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडून कळली. फुगा आपण होऊन वर जात नाही. भोवतालची जड हवा त्याला वर लोटते. आर्किमिडीजचेच तत्त्व. हवेला वजन असते यावर आम्हां कलाशाखेच्या मंडळींचा चटकन विश्वास बसत नाही. पण समुद्रसपाटीला, २० अंश सेल्सिअस तापमानात, एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. तीच १०० अंशांपर्यंत तापवली की पसरते आणि तेवढ्याच जागेत साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास उरते. अडीचशे ग्रॅमचा हा फरक, एवढीच फुग्याची सारी पुंजी!

बाहेरची हवाच ३५ अंशांवर गेली, की तीही विरळ होते आणि फरक दोनशे ग्रॅमवर येतो. १० अंशांच्या पहाटे तो तीनशे असतो. दोन हजार घनमीटरचा, माणसे नेणारा फुगा घेतला, तर पहाटे तो सहाशे किलो उचलील, दुपारी चारशेच. आणि यातच कापड, टोपली, इंधन सारे आले. म्हणजे दोन-तीन उतारू खालीच! असे फुगे बहुधा सूर्योदयाच्या सुमारास उडवतात, त्याचे हे एक कारण. वाराही तेव्हा शांत असतो.

मोंगोल्फिए बंधूंना तर धुरातच काही गुण आहे असे वाटे. ते पेंढा आणि लोकर जाळीत. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये त्यांच्या फुग्यातून दोन माणसे उडाली. कारण चुकले होते, पण नोव्हेंबरचा गारठा त्यांच्या बाजूचा होता.

गेल्या सुट्टीत भावाला हे सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग तो धपाटा?"