टीव्हीवरची चिली आणि तुमचा कंट्रोल

टेक्सासने 1977 साली चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं. मूळ मामला साधा: गोमांस, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण. बीन्ससुद्धा तिथले कट्टर लोक चालवून घेत नाहीत. टीव्हीवरचा शेफ मात्र कॉफी, चॉकलेट, बिअर करत 20 जिन्नसांवर जातो आणि म्हणतो, खरी चव कॉफीमुळे! तुम्ही विचारा, कॉफी वगळून करून पाहिलंत का? प्रत्येक जिन्नस घालायचा की नाही, अशी सगळी जुळणी तपासायची तर 10,48,576 पातेली लागतील. एकेक वगळून पाहायला 21 पुरतात, फक्त जिन्नसांचा एकमेकांवरचा परिणाम त्यात सुटतो.

पहिल्या वर्षी मी पीसीआरमध्ये बफर, तापमान, मॅग्नेशियम एकदमच बदललं. बँड आला! कशामुळे, ते शोधण्यात चार महिने गेले. गाइडनी एवढंच विचारलं, “कंट्रोल कुठंय?”